खिडकीएवढा माणूस

हेडक्लार्कांचा टेपवर काडीचा विश्वास नव्हता. एकदा टेपने मोजून त्यांनी एक कपाट करून घेतलं होतं. टेपच्या म्हणण्याप्रमाणे ते घराच्या दारातून आरामात आत जायला हवं होतं. ते अजून जिन्याच्या वळणावर उभं आहे. येणारे-जाणारे त्यावर छत्र्या ठेवतात, आणि वरच्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडाने तर खालचा कप्पा स्वतःचाच समजून त्यात जुने बूट भरले आहेत. तेव्हापासून घरात काही मोजायचं झालं की हेडक्लार्क सुतळी काढत. सुतळी खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तिला आकडेच येत नाहीत, तर ती खोटे आकडे सांगणार कुठून?

तर त्या रविवारी सकाळी हेडक्लार्कांनी स्टुलावर चढून बाहेरच्या खोलीची खिडकी सुतळीने मोजली. रुंदीला एक गाठ मारली, उंचीला दोन मारल्या, सुतळीची गुंडाळी करून ती पँटच्या उजव्या खिशात घातली आणि खिसा वरून थोपटला.

"निघायचं?" त्यांनी विचारलं.

"मी केव्हाची तयार आहे," बायको चपला शोधत म्हणाली.

मोहीम साधी होती. शहरातल्या मोठ्या बाजारात जायचं, जाड पडदा घ्यायचा, परत यायचं. पण या साध्या मोहिमेवर काय अवलंबून होतं ते सांगायला हवं, नाहीतर एका पडद्यासाठी पुढे जे काही झालं ते वाचून लोक हेडक्लार्कांना वेडा म्हणतील. तसे काही जण म्हणतातच, पण त्यांना तरी निदान कारण ठाऊक असावं.

हेडक्लार्कांची एकुलती एक लेक मोठ्या इस्पितळात नर्स होती. काही महिन्यांपासून तिला कायमची रात्रपाळी लागली होती. रात्रभर लोकांना झोपवायचं आणि सकाळी घरी येऊन स्वतः झोपायचं. आता घर होतं दोन खोल्यांचं. आतल्या खोलीच्या भिंतीला लागून इमारतीचा पाण्याचा पंप होता. तो सकाळी सुरू झाला की खोलीतल्या बरण्यासुद्धा थरथरायच्या. राहिली बाहेरची खोली. तिची खिडकी पूर्वेला, आणि तिच्यावरचा पडदा इतका विरलेला की ऊन त्यातून गाळून आल्यासारखं यायचं. लेक कूस बदलायची, डोळ्यांवर हात घ्यायची, उशीखाली डोकं घालायची, आणि दुपारी लाल डोळ्यांनी उठून बसायची. डोळ्यांवर बांधायची पट्टी तिने आणून पाहिली. त्या पट्टीने डोकं चढायला लागलं.

शेजाऱ्यांनी आपापल्या परीने हातभार लावला. वरच्या काकूंनी सांगितलं, काचांना वर्तमानपत्र चिकटवा. हेडक्लार्कांनी खळ करून व्यवस्थित चिकटवली. झालं असं की लेक झोपायच्या ऐवजी पडल्यापडल्या बातम्या वाचायला लागली. एका दरोड्याची बातमी "उर्वरित मजकूर पान पाचवर" अशी संपली होती आणि पान पाच उलटं चिकटलेलं होतं. त्या दरोडेखोरांचं पुढे काय झालं या विचाराने तिचा डोळा लागेना. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींनी बाहेरून पाहून हरकत घेतली, की इमारतीच्या दर्शनी भागावर मजकूर लावता येत नाही. वर्तमानपत्रं निघाली. खळ अजून आहे.

मग हेडक्लार्कांनी खिळे ठोकून जाडी चादर लावायचं ठरवलं. खिळा भिंतीत गेला तो भिंत घेऊनच बाहेर आला. तेव्हा त्यांनी भिंतीचा नाद सोडला आणि स्वतःच उभे राहिले. रोज सकाळी लेक आली, अंथरुणावर पडली, की हेडक्लार्क खिडकीशी जात, चादर दोन्ही हातांनी ताणून धरत आणि तिचा श्वास संथ होईपर्यंत तसेच उभे राहत. मग चादर खाली ठेवून चोरपावलांनी ऑफिसला जात. ऑफिसात रोज उशीर व्हायचा. साहेबांना ते सांगत की बस मिळाली नाही. आणि ते गेल्यावर तासाभरात ऊन पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसायचं आणि लेक जागी व्हायची.

त्यात परवा तिने जेवताना मान खाली घालून सांगितलं होतं, "बाबा, नर्सेसच्या होस्टेलमध्ये एक जागा रिकामी झालीय. मागच्या बाजूची खोली आहे, अगदी अंधारी. रविवारी मैत्रिणीकडे तिथंच झोपून बघते. सोमवारी सकाळी वॉर्डनबाईंना हो की नाही ते सांगायचंय."

"बघ की," हेडक्लार्क म्हणाले होते. "झोप महत्त्वाची." आणि मग ते ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठले होते.

म्हणून हा रविवार. लेक रात्रपाळी संपवून परस्पर होस्टेलवर झोपायला गेली होती. सोमवारी सकाळी ती येईल तेव्हा खिडकीवर असा पडदा हवा होता की सूर्याने बाहेरच्या बाहेर परत जावं.

मोठ्या बाजारात उतरल्यावर हेडक्लार्क सरळ चालू लागले आणि चार दुकानं पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण एकटेच चालतोय. मागे वळून पाहिलं तर बायको दिव्यांच्या दुकानाच्या काचेपुढे उभी.

बाजारात जाण्याबद्दल दोघांची मतं मुळातच वेगळी होती. हेडक्लार्कांच्या मते दुकान म्हणजे कचेरीच. काम असेल तर जावं, काम उरकून बाहेर पडावं. विनाकारण आत शिरून विक्रेत्याचा वेळ घेतला तर काहीतरी घेतल्याशिवाय बाहेर पडणं त्यांना अपराधासारखं वाटे; याच भिडेपोटी घरात तीन बुटाचे चमचे होते. बायकोचं तसं नव्हतं. ती काचेतली वस्तू मनातल्या मनात उचलायची, घरी न्यायची, कोपऱ्यात ठेवून पाहायची, तिथे शोभत नसली तर दुसरीकडे ठेवायची, आणि पोटभर वापरून झाली की परत काचेत ठेवून पुढे जायची. असं तिने आजवर कितीतरी वेळा घर सजवलं होतं, आणि एकदाही फसगत झाली नव्हती.

"अहो, तो हिरव्या टोपीचा दिवा बघा."

"आपल्याला पडदा घ्यायचाय."

"बघायला काय होतंय? तिच्या टेबलावर काय छान दिसला असता. वाचता वाचता झोपायची सवय आहे तिला." मग ती जरा थांबली. "पण ती तिकडेच गेली तर टेबल तरी कशाला लागतंय आपल्याला."

हेडक्लार्कांनी दिव्याकडे एकदा पाहिलं आणि बायकोच्या हातातली पिशवी घेतली. पुढच्या काचेपाशी, तिथे काचेची भांडी होती, ते आपण होऊनच थांबले.

मग काय, भांडी झाली, बूट झाले, घड्याळं झाली, जिच्यावर 'कृपया बसू नये' अशी पाटी होती अशी आरामखुर्ची झाली. तोवर ऊन डोक्यावर आलं. एका वळणावर फुटपाथवर उशांचा ढीग घालून एक उशीवाला बसला होता. बायको वाकून एकेक उशी दाबून पाहायला लागली. लेकीची उशी पार चपाती झाली होती, हे खरंच होतं. दोन उशा पसंत पडल्या, भाव ठरला, आणि उशीवाला इकडेतिकडे बघत म्हणाला, "बांधायला दोरी संपली बघा. अशाच न्याल का काखेत मारून?"

भर बाजारातून, दोन्ही काखांत उशा घेऊन चालायचं? हेडक्लार्कांसारख्या माणसाने? शिवाय आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत, की सगळं जग अडलेलं आहे आणि नेमकी जगाला हवी ती वस्तू आपल्या खिशात आहे. हेडक्लार्कांच्या खिशात सुतळी नेहमीच असे. कधी कुठली सुतळी आहे हे तपासायची त्यांना आजवर गरज पडली नव्हती.

"दोरी?" ते छाती किंचित पुढे काढून म्हणाले. "अहो, दोरीला काय तोटा!" आणि त्यांनी खिशातून गुंडाळी काढून उशीवाल्याच्या हातात दिली.

उशीवाल्याने ब्लेडने तिचे सपासप तुकडे केले, उशा आडव्या-उभ्या आवळल्या, वर धरायला फासा केला. "साहेब, माणूस असावा तर असा," तो म्हणाला. हेडक्लार्क पुढची सबंध गल्ली ताठ मानेने चालले.

सहा मजली दुकानाच्या चौथ्या मजल्यावर पडदे होते. विक्रेता पोरगेलासा पण पोक्त चेहऱ्याचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "म्हणजे तुम्हाला ब्लॅकआउट हवाय, उजेड अजिबात न सोडणारा. माप काय?"

"आणलंय ना," म्हणून हेडक्लार्कांनी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात घातला. मग शर्टाच्या खिशात, जिथे सुतळी मावलीच नसती. मग त्यांची नजर हळूहळू खाली, पायाशी ठेवलेल्या उशांवर गेली, आणि तिथे एक गाठ दिसली. ती रुंदीची होती.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही," हेडक्लार्क म्हणाले.

बायकोने उशांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत.

"तुम्ही स्वतःच्या हाताने दिलीत?"

"तो अडला होता गं."

पुढचा काही वेळ चौथ्या मजल्यावर दोघं नवरा-बायको आणि एक विक्रेता जमिनीवर उकिडवे बसून सुतळीचे तुकडे जोडत होते. पण उशीवाल्याच्या गाठी कुठल्या आणि हेडक्लार्कांच्या कुठल्या हे कळेना, आणि एक तुकडा तर उशीवाल्याकडेच राहिला असावा. जोडून जी खिडकी तयार झाली ती पोस्टाच्या पेटीला शोभली असती.

घरी फोन करावा तर घरी कोणी नव्हतं. लेकीला करावा तर ती झोपलेली. आणि तिला झोपेतून उठवून झोपेच्या पडद्याचं माप विचारणं बरं दिसलं नसतं. हेडक्लार्कांनी शेवटी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांना फोन लावला. इमारतीत त्यांना 'सर्वज्ञ' म्हणत. त्यांना काहीही विचारलं की उत्तर यायचंच; फक्त ते विचारलेल्या प्रश्नाचंच असेल याची हमी नसे.

"त्यात काय! सगळ्या इमारतीच्या खिडक्या एकाच मापाच्या आहेत," सर्वज्ञ म्हणाले. "कागदावर. थांबा, माझी मोजून सांगतो."

त्यांनी एक माप सांगितलं. विक्रेत्याने ते लिहून घेतलं. पाच मिनिटांनी त्यांचा पुन्हा फोन आला, की ते माप चौकट धरून होतं, चौकट सोडून वेगळं येतं. तेही लिहून घेतलं. मग त्यांनी खालच्या मजल्यावर भिंतींची जाडी कशी वाढते यावर बरंच सांगितलं. ते उभ्याने ऐकून हेडक्लार्कांचे पाय भरून आले. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा उलगडा झाला, की सर्वज्ञ इतका वेळ गॅलरीचं दार मोजत होते.

"तरीच म्हटलं," विक्रेता म्हणाला, "एवढी मोठी खिडकी असेल तर ऊन यायचंच." मग त्याने खालच्या आवाजात खरी अडचण सांगितली. "आणि साहेब, माप मिळालं तरी ब्लॅकआउटचा माल संपलाय. एकच पडदा उरलाय. तो खाली काचेत लावलाय."

हेडक्लार्क मजल्याच्या मॅनेजरांकडे गेले. मॅनेजरांना टाय होता आणि घाई नव्हती.

"काचेतला पडदा मिळणार नाही," मॅनेजर म्हणाले.

"का? तो पडदाच आहे ना?"

"पडदे विभागात आला की पडदा. काचेत आहे तोवर ती सजावट."

हे उत्तर ऐकून हेडक्लार्क चिडायला हवे होते. पण क्षणभर त्यांना कौतुकच वाटलं. सबंध नोकरीत त्यांनी लोकांना अशी बरीच उत्तरं दिली होती, पण इतकं आटोपशीर एकही जमलं नव्हतं. मग त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग आम्हाला पडदा नको. सजावट द्या."

मॅनेजर विचारात पडले. या मुद्द्यावर नियम गप्प होता. "सजावट मॅडमच्या अखत्यारीत येते," ते शेवटी म्हणाले. "त्या खाली काचेतच आहेत. पण एक लक्षात ठेवा, काचेतला माल एकदा कापला की परत घेत नाही. माप चुकलं तर चुकलं."

काचेमागची सजावट करणाऱ्या मॅडम गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि त्यांच्या ओठांत टाचण्यांची रांग होती. दर्शनी काचेत एक झोपायची खोली मांडलेली होती. पलंग, त्यावर झोपायच्या कपड्यातली एक पुतळी, आणि मागे खोट्या खिडकीवर तो पडदा. गडद निळा, जाड, जड. बायकोने तो पुढे होऊन नुसता हातात घेतला आणि हेडक्लार्कांकडे पाहिलं. हाच.

"घेऊन जा की," मॅडम टाचण्यांमधून म्हणाल्या. "आज मी उतरवणारच आहे. उद्यापासून इथे स्वयंपाकघर. पण हा आहे भला मोठा. किती ठेवू?"

"राहू दे ना मोठाच," हेडक्लार्क म्हणाले.

"मोठा कशाला?" बायको म्हणाली. "नुसता लोळत राहील भिंतीवर. बेतात कापून द्या, उरलेल्यात या दोन उशांचे अभ्रे होतील."

काटकसरीपुढे हेडक्लार्कांनी कधीच वाद घातला नव्हता. प्रश्न तोच राहिला. माप काय?

तिघांनी पलंगावरच्या पुतळीकडे पाहिलं. तिलाही माप ठाऊक नव्हतं. आणि मग बायको नवऱ्याकडे अशी बघायला लागली जशी ती मघा हिरव्या दिव्याकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "माप तर बरोबर आलंय की आपल्या."

"कुठे?"

"तुम्हीच! रोज सकाळी चादर धरून उभे राहता ना? डावा हात कुठे टेकतो?"

"चौकटीला. बोटांची टोकं."

"आणि उजवा?"

"तोही चौकटीला. दिव्याच्या बटणाशेजारी." हेडक्लार्कांचा आवाज बदलला. "आणि वर हात केला की वरची पट्टी हाताला लागते. खाली गुडघ्याला कठडा."

"मग झालं तर!" मॅडमनी टाळी वाजवली. "या आत. बूट काढून या, गालिचा पांढरा आहे."

इथे हेडक्लार्क अडखळले. बूट काढायला त्यांची तात्त्विक हरकत नव्हती. पण उजव्या मोज्याच्या पुढच्या भोकाची कल्पना फक्त त्यांना आणि त्यांच्या अंगठ्याला होती. पण सोमवार डोळ्यांसमोर आला. त्यांनी बूट काढले, पलंगाला वळसा घातला, खोट्या खिडकीला पाठ लावली, आणि रोजच्यासारखे हात पसरून उभे राहिले. तोंड साहजिकच रस्त्याकडे झालं.

रविवार दुपारची गर्दी होती. आधी एक बाई थांबली. मग तिचा नवरा थांबला. मग ते का थांबले हे बघायला आणखी लोक थांबले. मॅडमनी आधी उंची घेतली, म्हणजे हात वर, हात खाली. ते तर लोकांना फारच आवडलं. मग रुंदीसाठी त्यांनी बजावलं, "आता अजिबात हलू नका हं." हेडक्लार्क श्वास रोखून उभे राहिले. काच पातळ असावी, कारण बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"माणूस आहे."

"छे, पुतळा आहे. हलतोय का?"

"पुतळ्याच्या मोज्याला भोक कशाला असेल?"

"अहो, खरं वाटावं म्हणून आजकाल तसं करतात."

"चेहरा काय हुबेहूब केलाय! अगदी पगार न झाल्यासारखा."

फोन वर झाले. कोणीतरी काचेवर टकटक केलं. हेडक्लार्कांना कपाळावरचा घाम पुसायचा होता, पण घाम पुसला तर खिडकी अरुंद होणार होती. त्यांनी मनाशी लेकीचा संथ श्वास आठवला. रोज तो ऐकत ते असेच उभे राहत. मग हाताला रग लागली तरी कळत नसे. आजही कळेना. हळूहळू त्यांना गर्दीची लाजही वाटेनाशी झाली. आपले हात अगदी बरोबर पसरलेत, तसूभर कमी नाहीत की जास्त नाहीत, हे त्यांना आतून कळत होतं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

मॅडमनी डाव्या बोटांपाशी टाचणी लावली आणि त्या उजवीकडे सरकल्या. आणि नेमक्या त्याच क्षणी गर्दी बाजूला सारत, हातात खरेदीच्या पिशव्या आणि मागे सहकुटुंब, काचेसमोर येऊन उभे राहिले ते साक्षात ऑफिसचे साहेब.

साहेबांनी पाहिलं. हेडक्लार्कांनी पाहिलं. आता शहाणा माणूस पुतळाच राहिला असता. पण सबंध आयुष्य नोकरीत गेलेल्या हाताला शहाणपण शिकवायला वेळ कुठे होता? हेडक्लार्कांचा उजवा हात आपोआप दुमडला आणि कपाळाशी गेला. सलाम!

गर्दीत कोणीतरी किंचाळलं. साहेबांच्या हातातली एक पिशवी खाली पडली. लगेच हेडक्लार्कांनी हात पुन्हा पसरला, पण घाईत तो पहिल्यासारखा पुरता पसरला की नाही कोण जाणे.

"झालं!" मॅडम टाचणी टोचून म्हणाल्या. "आता खुशाल हला."

बाहेर टाळ्या पडल्या.

वरच्या मजल्यावर शिंप्याने पडदा कापला, शिवला, उरलेल्या कापडाचे अभ्रेही शिवून दिले. बसमध्ये हेडक्लार्क गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. "उद्या साहेब काय म्हणतील?" हा प्रश्न त्यांनी बायकोला तीनदा विचारला. चौथ्यांदा बायको म्हणाली, "ते काही म्हणोत. लेक काय म्हणते ते बघा." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

घरी येऊन दिवेलागणीला पडदा चढवला. खोली अशी काळोखली की बायको स्टुलाला अडखळली. दोघं त्या अंधारात हसत उभी राहिली. सर्वज्ञ येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "मी सांगितलेल्या मापाचा घेतलात ते बरं केलंत." हेडक्लार्कांनी त्यांना चहा दिला.

फट दिसली ती सकाळी. सूर्य वर आला, आणि पडद्याच्या ज्या कडेला त्यांचा उजवा हात टेकायचा तिकडून, दिव्याच्या बटणाशेजारून, चार बोटं रुंदीची उन्हाची पट्टी आत शिरली. ती टेबलावरून आली, जमिनीवरून आली आणि बरोबर नव्या उशीवर, डोळे जिथे यावेत तिथे थांबली. हेडक्लार्कांनी पडदा फटीकडे ओढून पाहिला, तर तेवढीच फट दुसऱ्या बाजूला पडली. एवढं सगळं करून! त्या चार बोटांचं कापड घरातच होतं, उशीला गुंडाळलेलं. तेवढ्याने त्यांचा जीव आणखीच जळला.

तेवढ्यात दार वाजलं. लेक आली. डोळे तरतरीत, चेहरा टवटवीत. ते पाहूनच हेडक्लार्कांना काय समजायचं ते समजलं.

"झोप लागली का गं तिकडे?" आईने विचारलं.

"मस्त लागली. खोटं कशाला बोलू?" लेक म्हणाली. "इतक्या महिन्यांत अशी झोपले नव्हते."

"चांगलं झालं," हेडक्लार्क म्हणाले. मनापासून म्हणाले. "मग वॉर्डनबाईंना सांगितलंस?"

"सांगितलं ना. येतायेताच." तिने पर्समधून फोन काढला. "पण आधी हे बघा. रात्री आमच्या सगळ्या वॉर्डात फिरत होतं. पेशंटसुद्धा हसत होते. नर्स मैत्रीण मला म्हणते, बघ ना, कोण हा वेडा माणूस काचेत हात पसरून उभाय!"

फोनच्या चिमुकल्या पडद्यावर हेडक्लार्क उभे होते. मागे निळा पडदा, पायाशी पांढरा गालिचा, गालिच्यावर अंगठा.

"मी म्हटलं," लेक सांगायला लागली आणि मध्येच थांबली. मग तिने नाक पुसलं. "मी म्हटलं, वेडा नाही, ते माझे बाबा आहेत. ते रोज सकाळी असेच उभे असतात. त्यांना वाटतं मला लगेच झोप लागते. मी डोळे मिटून पडलेली असते. तुमचे हात दुखू नयेत म्हणून मुद्दाम सावकाश श्वास घेते." तिने फोन पर्समध्ये टाकला. "वॉर्डनबाईंना सांगून आले, मला जागा नको. ज्या माणसाला खिडकी पाठ आहे, त्याच्या घरी मला झोप येईल."

आईने पदर तोंडाशी नेला आणि ती स्वयंपाकघरात गेली. हेडक्लार्क पडद्याच्या घड्या सारख्या करायला लागले. त्या मुळातच सारख्या होत्या.

लेक कपडे बदलून अंथरुणावर पडली, नव्या उशीवर तिने डोकं टेकलं, आणि उन्हाची पट्टी तिच्या डोळ्यांवर आली. ती नुसती हसली. हेडक्लार्क पुढे झाले, फटीशी उभे राहिले आणि त्यांनी उजव्या हाताचा पंजा फटीवर ठेवला. तिच्या डोळ्यांपुरता पूर्ण अंधार झाला. आता एकच हात पुरत होता.

"बाबा," थोड्या वेळाने अंधारातून झोपाळलेला आवाज आला, "उशीर होईल. साहेब ओरडतील."

"ओरडू देत," हेडक्लार्क हळूच म्हणाले. "फट त्यांचीच आहे."

पण ते ऐकायला लेक जागी नव्हती. हेडक्लार्कांनी बराच वेळ कान देऊन खात्री केली. हा श्वास खरा होता. मग त्यांनी दुसरी उशी उचलली, फटीत उभी करून बसवली, आणि बूट हातात घेऊन ते ऑफिसला निघाले.